वसई लिहून देणारा सुलतान



वसईचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. तो पोर्तुगिजांनी बांधला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, एवढे आपल्या मुलांना पाठ असते. पण पोर्तुगिजांना वसई मिळाली कोणाकडून, असे विचारले तर वर्गातली बहुतेक मुले गप्प बसतील. पोर्तुगिजांनी ती आधी लुटली आणि जाळली हे खरे. तथापि ती कायमची त्यांच्या हाती गेली ती एका लेखी तहाने, आणि तो तह मान्य करणारा होता गुजरातचा सुलतान बहादूरशाह. समोर बलाढ्य शत्रू उभा होता, म्हणून त्याने परक्या सत्तेची मदत मागितली. त्या मदतीची किंमत म्हणजे आपली वसई.

या सुलतानाचे चरित्र आज सांगण्याचे कारण आहे. स्वतंत्र कुर्द राष्ट्राला बाहेरच्या सत्तांनी पाठिंबा द्यावा की नाही, हा वाद आपण वर्तमानपत्रांत वाचतो. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी ज्या कुर्द समाजातून आला, तो समाज आज तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेला आहे. त्यांच्याविषयी आपल्याला सहानुभूती वाटते, मग कोणी म्हणतो अमेरिकेने मदत करावी, कोणी म्हणतो रशियाने करावी. वसईच्या माणसाने हा प्रश्न दूरचा समजू नये. परक्यांच्या मदतीचा सौदा आपल्या याच खाडीच्या काठी एकदा नव्हे, दोनदा झालेला आहे.

घर सोडून गेलेला शहजादा

बहादूर हा गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याचा मुलगा आणि प्रसिद्ध महमूद बेगडा याचा नातू. गादीचा मान थोरला भाऊ सिकंदर याचा होता. बहादूरला मिळणारी जहागीर त्याला तुटपुंजी वाटे आणि दरबारात आपल्या जिवाला धोका आहे, असाही संशय त्याला येई. शेवटी तो घर सोडून निघाला.

त्याला आसरा दिला तो चितोडच्या राणा संगाने. राण्याच्या मातेने त्याला मायेने वागवले आणि एका प्रसंगी त्याचे प्राण वाचवले, असे गुजरातचे फारसी इतिहासकार सांगतात. तिथून मेवातमार्गे तो दिल्लीला इब्राहिम लोदीकडे गेला. १५२६ च्या एप्रिलमध्ये पानिपतावर बाबर आणि लोदी यांची लढाई झाली, तेव्हा बहादूर त्या परिसरातच होता. तोफा आणि शिस्त यांच्या बळावर लहान फौज मोठ्या फौजेला कशी मोडते, हे त्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले.

त्याच महिन्यात मुझफ्फरशाह वारला. सिकंदर गादीवर बसला, पण काही आठवड्यांतच एका सरदाराने त्याचा खून करवला आणि एका अल्पवयीन भावाला गादीवर बसवले. बहादूर गुजरातेत परतला. लोक आणि सरदार त्याला येऊन मिळाले, आणि १५२६ च्या जुलैमध्ये विशीतला हा तरुण सुलतान झाला. भावाच्या खुन्याला त्याने मृत्युदंड दिला.

यशाची नऊ वर्षे

त्यानंतरची नऊ वर्षे त्याच्या यशाची होती. वऱ्हाड आणि खानदेशच्या राजांनी अहमदनगरच्या निजामशाहाविरुद्ध त्याला हाक मारली, तेव्हा तो दौलताबादेपर्यंत गेला. १५३१ साली त्याने मांडू घेऊन माळवा आपल्या राज्यास जोडला. १५३२ साली रायसेन पडले. १५३३ साली चितोडला वेढा घालून त्याने खंडणी घेतली, आणि १५३५ च्या मार्चमध्ये चितोडचा किल्लाच जिंकला. त्या वेळी किल्ल्यातील स्त्रियांनी जोहार केला. ज्या घराने एके काळी त्याला आसरा दिला होता, त्याच घराची ही दशा त्याच्या हातून झाली. चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही.

तो शूर होता, दिलदार होता, कलावंतांचा चाहता होता. गवयांच्या मैफलीत आजही गायला जाणारा बहादुरी तोडी हा राग त्याच्या दरबारच्या नायक बक्षूने त्याच्या नावाने बांधला, अशी परंपरा आहे. परंतु रागाच्या भरात निर्णय घेणे आणि दिलेला शब्द सोयीनुसार विसरणे, हे दोन दोष त्याच्यात होते. त्या दोषांनी पुढे त्याचा घात केला.

समुद्राची बाजू

गुजरातचे वैभव समुद्रावर उभे होते. खंबायत, दीव, सुरत या बंदरांतून कापड आणि इतर माल तांबड्या समुद्रापर्यंत जाई, आणि हाजींचीही जा-ये याच वाटेने होई. आपली वसई, आगाशी आणि ठाणे ही गावे त्या वेळी गुजरातच्या अमलाखाली होती. सोपाऱ्याचे नाव तर त्याच्याही कित्येक शतके आधी अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत आलेले आहे.

या समुद्रावर सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले. ज्या जहाजाकडे त्यांचा परवाना नसेल ते लुटायचे, असा त्यांचा नियम होता. महमूद बेगडाच्या काळापासून दीवचा सुभेदार असलेला मलिक अयाझ याने त्यांना अनेक वर्षे दूर ठेवले. तो त्यांच्याशी गोड बोले, व्यापार करी, पण दीवमध्ये किल्ला बांधू देत नसे आणि स्वतःचे आरमार कधी कमी होऊ देत नसे. १५२२ साली तो वारला. त्यानंतर किनाऱ्यावर जाळपोळ वाढली. १५२९ साली वसई जाळली गेली. १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे आगाशी लुटली गेली.

मात्र गुजरात तेव्हा दुबळा नव्हता, हे लक्षात घ्या. १५३१ साली पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा फार मोठे आरमार घेऊन दीववर चालून आला, आणि त्याला हात हलवीत परत जावे लागले. येमेनहून तोफा घेऊन आलेल्या मुस्तफा या तुर्क सरदाराने दीव राखले. सुलतानाने त्याला रूमीखान ही पदवी दिली. १५३३ साली मात्र कुन्हाने वसईवर हल्ला केला. मलिक अयाझचा मुलगा मलिक तुघान याने इथे तटबंदी केली होती. ती टिकली नाही. पोर्तुगिजांनी ती पाडून टाकली आणि ते निघून गेले.

तह

दरम्यान उत्तरेकडे दुसरे संकट उभे राहिले. बाबराचा मुलगा हुमायून दिल्लीच्या तख्तावर होता. त्याचा मेहुणा मुहम्मद झमान मिर्झा बंड करून पळाला आणि बहादूरशाहाच्या आश्रयास आला. हुमायूनने त्याला परत मागितले. सुलतानाने नकार दिला. दोघांत पत्रे गेली, आणि प्रत्येक पत्रागणिक भाषा कडवट होत गेली.

एका बाजूला मोगल आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज, असे दोन शत्रू एकाच वेळी नकोत, म्हणून सुलतानाने समुद्राकडच्या शत्रूशी सलोखा करायचे ठरवले. २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच्या बंदरात उभ्या असलेल्या पोर्तुगीज जहाजावर तह झाला. त्याची कलमे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले कलम असे की, वसई आणि तिच्या अमलाखालचा मुलूख, बेटे व समुद्र पोर्तुगालच्या राजाला द्यावा. साष्टी आणि मुंबईची बेटे याच कलमात गेली. दुसरे असे की, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यावा आणि परतताना वसईलाच येऊन जकात भरावी. तिसरे असे की, गुजरातच्या कोणत्याही बंदरात लढाऊ जहाजे बांधू नयेत. शिवाय तुर्कांना मदत करू नये, असेही ठरले.

मुलूख गेला तर तो परत जिंकता येतो. परंतु लढाऊ जहाज बांधायचे नाही, हे मान्य केल्यावर परत जिंकायचे कशाने? ज्या साधनाने सुलतान पोर्तुगिजांच्या मदतीशिवाय उभा राहू शकला असता, नेमके तेच साधन त्याने प्रथम लिहून दिले. दुसरा तुर्कांचा आधार होता, तोही कलमानेच तोडला गेला. या चरित्राचे सार या दोन कलमांत आहे.

मदत आली का?

१५३५ साली चितोड जिंकून सुलतान परतत होता, तोच मंदसोरजवळ हुमायून समोर आला. रूमीखानाच्या सल्ल्याने सुलतानाने गाड्यांचा कोट करून तोफा रोखल्या. मोगलांनी समोरून हल्ला करण्याऐवजी दाणावैरण तोडली. छावणीत उपासमार सुरू झाली. त्यातच रूमीखान फितूर झाला. चितोड जिंकल्यास ते तुला देईन, असे वचन सुलतानाने त्याला दिले होते आणि ते पाळले नव्हते. एप्रिलमध्ये एका रात्री सुलतान मोजक्या सोबत्यांसह छावणी सोडून निघाला. मांडू, चंपानेर, खंबायत असा त्याचा पाठलाग झाला. पोर्तुगिजांशी लढण्यासाठी बांधलेली जी जहाजे खंबायतेला होती, ती मोगलांच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने स्वतःच जाळली, असे इतिहासकार लिहितात. तो दीवला पोहोचला तेव्हा त्याच्यापाशी एका बेटापलीकडे फारसे काही उरले नव्हते.

अशा वेळी कुन्हाने दुसरी किंमत मागितली. ऑक्टोबर १५३५ मध्ये नवा करार झाला आणि पोर्तुगिजांना दीवमध्ये किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. मलिक अयाझने जन्मभर जे होऊ दिले नाही, ते एका करारात झाले. बदल्यात मिळाले ते थोडेसे सैनिक.

गुजरात परत मिळाला तो मात्र वेगळ्याच कारणांनी. हुमायूनचा भाऊ अस्करी याला अहमदाबाद सांभाळता आले नाही, मोगलांच्या घरात भांडणे झाली, आणि पूर्वेकडे शेरखान प्रबळ होऊ लागल्याने हुमायूनला माघारी फिरावे लागले. गुजरातचे सरदार आणि गावोगावचे लोक आपल्या सुलतानाच्या बाजूने उठले, आणि १५३६ मध्ये बहादूरशाह पुन्हा आपल्या राज्यात आला. ज्या मदतीसाठी वसई आणि दीव दिले, तिच्यावाचूनही हे झाले असते, असे म्हणायला पुष्कळ जागा आहे.

राज्य मिळाले, पण दीवमध्ये किल्ला उभा राहत होता आणि आपल्या वसईलाही १५३६ मध्येच पोर्तुगीज किल्ल्याचे काम सुरू झाले. सुलतानाला पश्चात्ताप झाला. त्याने आपला खजिना व कुटुंबीय मक्केला पाठवले होते, आणि तुर्कस्तानचा सुलतान सुलेमान याच्याकडे मदतीसाठी वकील पाठवला होता. पोर्तुगिजांचाही संशय वाढला. १३ फेब्रुवारी १५३७ रोजी कुन्हा दीवच्या बंदरात आजारी असल्याचे कळवून जहाजावरच थांबला, आणि सुलतान मोजक्या माणसांनिशी त्याच्या भेटीस गेला. परतताना झटापट झाली. सुलतानाने समुद्रात उडी घेतली आणि पोर्तुगिजांनी त्याला पाण्यातच ठार केले. आधी दगा कोणी योजला याविषयी दोन्ही बाजूंच्या बखरी वेगवेगळे सांगतात. पण मित्र म्हणून जवळ केलेल्या लोकांच्या हातून तो मेला, याविषयी वाद नाही. तेव्हा तो जेमतेम तिशी ओलांडलेला होता.

पुढचे ऐका. ज्याच्यासाठी सुलतानाने हुमायूनशी वैर पत्करले, तो मुहम्मद झमान मिर्झा पोर्तुगिजांशी संधान बांधून स्वतःच गुजरातची गादी मागू लागला. गुजरातच्या सरदारांनी त्याला हुसकून लावले. १५३८ साली तुर्कांचे आरमार खरेच आले. परंतु वाटेत त्याच्या सेनापतीने एडनच्या मुसलमान अमीराला फासावर चढवले होते. ती बातमी ऐकून गुजरातच्या लोकांना वाटले, एक पाहुणा घालवायला दुसरा आणावा आणि तोही घरात ठाण मांडून बसावा, असे व्हायचे. त्यांनी हात आखडता घेतला आणि तुर्क परत गेले. परकी सत्ता आपल्याच धर्माची असली म्हणजे तिची मदत फुकट असते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

एकदा दिलेले परत येत नाही

सुलतानाने दिलेली मुंबई १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाकडे गेली. बेटावर राहणाऱ्या कोणालाही कोणी विचारले नाही. वसई दोनशे वर्षांनी मराठ्यांनी सोडवली, आणि त्यांनीही पुढे तोच रस्ता धरला. १७७५ साली रघुनाथरावाने पेशवाई मिळवण्यासाठी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. १८०२ साली यशवंतराव होळकराकडून हडपसरला पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पळून वसईला आला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. इंग्रजांच्या सहा पलटणी, त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी नाहीत, अशा अटी होत्या. गुजरातच्या सुलतानाने जहाजे सोडली, पेशव्याने जीभ सोडली. बाजीराव गादीवर परत बसला, आणि १८१८ साली ती गादीच राहिली नाही.

आता कुर्दांकडे पाहा. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हर्सच्या तहात त्यांना स्वतंत्र राज्याची आशा दाखवली गेली. १९२३ च्या लोझानच्या तहात त्यांचा उल्लेखही उरला नाही. १९४६ साली इराणमध्ये महाबाद येथे सोव्हिएत रशियाच्या छायेत कुर्द प्रजासत्ताक उभे राहिले. रशियन फौज निघून गेली, वर्षाच्या आत ते कोसळले आणि त्याचे अध्यक्ष काझी मुहम्मद यांना १९४७ साली फाशी झाली. इराकमध्ये मुल्ला मुस्तफा बरझानी यांच्या लढ्याला इराणचा शाह आणि अमेरिका यांनी शस्त्रे पुरवली. मार्च १९७५ मध्ये अल्जीअर्स येथे इराण आणि इराक यांचा समेट होताच तो पुरवठा एकदम थांबला आणि काही आठवड्यांत लढा मोडला. २०१७ साली इराकी कुर्दिस्तानात सार्वमत झाले, ९२ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. अमेरिकेने ते पुढे ढकलण्याचा सल्ला दिला होता. पुढच्याच महिन्यात इराकी फौजांनी किर्कुक घेतले, तेव्हा मदतीला कोणी आले नाही.

मग मदत करूच नये काय?

असे कोणी म्हणू नये. १९७१ साली बांगला देशाला आपल्या देशाने मदत केली, आणि १९७२ च्या मार्चपर्यंत आपली फौज माघारी आली. कुर्दांच्याच बाबतीत १९९१ साली इराकी विमानांना उत्तरेकडे उडण्यास बंदी झाली. त्या सवडीत त्यांनी १९९२ साली स्वतःचे विधिमंडळ निवडले, शाळा चालवल्या, आणि २००५ च्या इराकी घटनेने त्यांच्या प्रदेशाला मान्यता दिली. पण मधल्या काळात त्यांचे दोन पक्ष आपसात लढले आणि १९९६ साली एकाने बगदादची फौज बोलावली, तर दुसऱ्याने इराणकडे हात पसरला, हेही खरे आहे.

म्हणून आमचे मत असे आहे. बाहेरच्या सत्तेने शेवटपर्यंत उभे राहण्याची तयारी नसेल तर कोणालाही उठावाला चिथावू नये. अर्ध्यावर सोडलेली मदत ही मदत न करण्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणसे पुढे गेलेली असतात. आणि जो मदत घेतो त्याने प्रत्येक करारात एकच गोष्ट तपासावी: हा मला माझ्या पायावर उभे राहण्याची सवड देतो आहे, की माझे पायच मागतो आहे? दीवचा किल्ला मागणारा, जहाजे बांधू नका म्हणणारा, दुसऱ्याशी बोलू नका म्हणणारा मदतनीस हा उद्याचा मालक असतो.

पालकहो, ही कसोटी राजांपुरती नाही. घरावर, संस्थेवर, समाजावर अडचण येते तेव्हा मदत घ्यावीच लागते, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. पण मुलाची शाळा सोडवून फेडायचे कर्ज, मुलीचे शिक्षण थांबवून मिळणारे स्थळ, स्वतःचा विचार गहाण टाकून मिळणारा पुढाऱ्याचा आश्रय, हे सगळे बहादूरशाहाच्या तिसऱ्या कलमासारखे आहे. जहाज बांधण्याची विद्या ज्याच्या घरात शाबूत राहते, त्याला आज ना उद्या समुद्र मोकळा होतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे जहाज म्हणजे तुमची तालीम. ती कोणत्याही तहात लिहून देऊ नका.